बारावीला ४६ टक्के आहेत, नर्सिंगला जागा मिळेल का?

जत तालुक्यात उमदीकडे राहणाऱ्या एका मुलीनं गुणपत्रिकेचा फोटो पाठवून विचारलंय : "बारावी सायन्सला ४६.१७ टक्के पडले. नर्सिंगलाच जायचंय, पण कॉलेजात सर म्हणाले एवढ्यावर काही होत नाही. ओळखीचे एक एजंट म्हणतात, कर्नाटकात बी.एस्सी. नर्सिंगची सीट करून देतो, हजेरीचं बघून घेऊ, दीड लाख आधी द्या. पप्पा म्हणतात, त्यापेक्षा सांगलीत एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स आहे, तो कर. मी ओपनमधून आहे, सीईटी दिलेली नाही. वर्ष मोकळं गेलं तर घरात लग्नाचं काढतील. काय करू?"

पोरी, मी सांगली-मिरजेत मिळून ३१ वर्षं या कामात काढली. पहिली नऊ वॉर्डात, पुढची बावीस ट्यूटर म्हणून. दर जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन मुली यायच्या. सोबत वडील किंवा भाऊ असायचे आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखले. बहुतेक वेळा बोलायचे वडील आणि मुलगी जमिनीकडे बघत उभी. तू स्वतः लिहिलंस, बरं वाटलं.

आधी ती ४६.१७ टक्क्यांची पाटी गळ्यातून काढून ठेव. नर्सिंगच्या प्रवेशात एकूण टक्के हा एकच आकडा कुणी बघत नाही. तुझ्या गुणपत्रिकेत मी चार आकडे बघितले : ग्रुपची बेरीज, इंग्रजी, ६०० पैकी एकूण, आणि चौथा आकडा गुणपत्रिकेवर ठळक दिसत नाही, तो आपण काढायचा असतो. त्याच्याकडे नंतर येते.

ग्रुप म्हणजे फिजिक्स ४२, केमिस्ट्री ४१, बायोलॉजी ४४. बेरीज १२७. बी.एस्सी. नर्सिंगला भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ४०. इंग्रजी पास असावं लागतं. ३०० पैकी ४५ टक्के म्हणजे १३५. तू ओपनमधून आहेस असं लिहिलंयस, म्हणजे आठ मार्कांनी अडलीस. हेच १३५ असते तर तुझे एकूण टक्के ४६ का ६६ हे कुणी विचारलं नसतं, कारण महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी होते आणि गुणवत्ता यादी त्या सीईटीच्या मार्कांवर लागते. बारावीचे मार्क हा तिथे फक्त उंबरा. ओलांडला की मागे राहिला. तुझ्या सरांना हे ठाऊक नसावं. डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या पलीकडचं आमच्याकडच्या बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत कुणी वाचतच नाही, हा माझा जुना राग आहे.

पण तू सीईटी दिली नाहीस. तेव्हा यंदा महाराष्ट्रातली बी.एस्सी. तुझ्यासाठी संपली. त्यावर रडण्यात अर्थ नाही.

आता जीएनएम. नर्सिंगची तीन वर्षांची पदविका, आणि सायन्सच पाहिजे असं नाही. आर्ट्सच्या मुलीही येतात. मी स्वतः १९८९ साली आर्ट्सचे ४८ टक्के घेऊन आले होते. अट काय, तर बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे ४०. वय ३१ डिसेंबरला १७ पूर्ण, आणि वरची मर्यादा ३५. आता तुझी गुणपत्रिका पुन्हा बघ. ६०० पैकी २७७, हे ठीक. इंग्रजी ४१. सगळ्या कागदात हा आकडा सगळ्यात मोलाचा आहे आणि तू त्याचा उल्लेखही केला नाहीस! इथे ३८ असते तर एकूण ६० टक्के असूनही तुला दारातून परत जावं लागलं असतं. अशा मुली मी परत पाठवल्या आहेत. एकीला बायोलॉजीत ७१ होते आणि इंग्रजीत ३६. तिच्या वडिलांना ते पटेचना. "मॅडम, पेशंट काय इंग्रजीत कण्हतो का?" म्हणाले. मला हसूही आलं आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण औषधाची बाटली इंग्रजीत असते, आणि डॉक्टरांची ऑर्डरही.

तर जीएनएमला तू बसतेस. सरळ, नियमात, कुणाला एक रुपया वर न देता.

आता तो चौथा आकडा. तिन्ही विषयांत प्रॅक्टिकल ३० मार्कांचं आणि लेखी ७० चं. तुझे प्रॅक्टिकलचे २७, २६, २७. आमच्याकडे ते मार्क हात सैल सोडून दिले जातात, सगळ्यांनाच. ते बाजूला काढले तर लेखीत उरतात १५, १५ आणि १७. म्हणजे २१० पैकी ४७. खरी अडचण ही आहे. बारावीत ३५ ला पास करतात. नर्सिंगमध्ये लेखीत वेगळे ५० टक्के आणि प्रात्यक्षिकात वेगळे ५० टक्के लागतात, एकाचं दुसऱ्यात ढकलता येत नाही. प्रवेश मिळेल, पण आज आहेस तशीच गेलीस तर पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत अडकशील. घाबरवत नाही. माझ्या हातून गेलेल्या कमी टक्क्यांच्या मुलींत ज्या मागे पडल्या त्या प्रवेशानंतर पडल्या, प्रवेशाच्या वेळी नाही.

म्हणून मला तुझ्याकडून एक उत्तर हवंय, घरी कुणी नसताना स्वतःला द्यायचं. लेखीत ४७ का आले? तीन कारणं असतात. एक, अभ्यासच झाला नाही : घरात कुणी आजारी, द्राक्षाच्या नाहीतर डाळिंबाच्या बागेतली कामं, एस.टी. वेळेवर नाही. दोन, अभ्यास झाला पण इंग्रजीत लिहिता आलं नाही. जत भागात हे फार. घरी कानडी, शाळेत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी, म्हणजे तिसरी भाषा पोरीच्या डोक्यावर पडते. तीन, विषयच आवडत नाही, सायन्स घरच्यांनी घ्यायला लावलं. पहिलं असेल तर हॉस्टेलला राहिलीस की निम्मं सुटतं. दुसरं असेल तर त्यावर उपाय आहे, पुढे सांगते. तिसरं असेल तर मात्र थांब आणि पप्पांशी बोल, कारण नर्सिंगची तीन वर्षं म्हणजे शरीर आणि त्याचे आजार यांचाच अभ्यास आहे, तिथून पळायला जागा नाही.

तुला आणखी एक वाट कुणीतरी सांगेलच : श्रेणीसुधार. बोर्डाची ही योजना खरी आणि चांगली आहे. पास झालेल्या विद्यार्थ्याला सगळे विषय घेऊन पुन्हा परीक्षा देता येते, लगतच्या तीन संधी मिळतात. म्हणजे जून-जुलैची पुरवणी, पुढची फेब्रुवारी-मार्च आणि त्यानंतरची जून-जुलै. आठ मार्क वाढवणं काही डोंगर नाही. शिवाय पुढच्या वर्षीची सीईटीही तुला जमण्यासारखी आहे : १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकल्यास मार्क कापत नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड यांना प्रत्येकी २०. म्हणजे १०० तले ४० मार्क इंग्रजी आणि ॲप्टिट्यूडचे. फिजिक्सला घाबरणारी मुलगीही त्यात तरून जाते.

मग वर्ष थांबून बी.एस्सी. करायची की आत्ता जीएनएम? बोटांवर मोज. थांबलीस तर एक वर्ष ते आणि बी.एस्सी.ची चार, मिळून पाच. आत्ता जीएनएम केलंस तर तीन, आणि पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची, म्हणजे जीएनएम झालेल्यांसाठीच्या पदवीची, दोन. तीही पाचच! दोन्ही वाटा एकाच गावी जातात. फरक एवढाच की जीएनएमच्या वाटेवर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तुझ्या हातात परिषदेची नोंदणी, म्हणजे नर्स म्हणून काम करायचा परवाना असतो. पुढची दोन वर्षं लगेच करायची, की आधी नोकरी करून धाकट्याची फी भरायची, हे तेव्हा तू ठरवशील. थांबण्याच्या वाटेवर पहिलं अख्खं वर्ष तू घरात असशील, आणि घरात काय चालू होईल ते तूच लिहिलंयस. मी हा हिशेब नेहमी मांडते, कारण माहितीपत्रकात तो नसतो. आमच्या भागात मुलीचं रिकामं वर्ष म्हणजे रिकामं वर्ष नसतं, पाहुण्यांच्या चहा-पोह्यांचं असतं.

तुझ्या जागी मी असते तर जीएनएम घेतलं असतं. पण तुझ्या घरचं वातावरण वेगळं असतं, किंवा तुझे ग्रुपचे १३३-१३४ असते, तर मी सांगितलं असतं की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव, बेरीज तपास, पुनर्मूल्यांकनाला टाक. आपल्या सांगली-साताऱ्याचं ते काम कोल्हापूर विभागीय मंडळाकडे असतं. आधी छायाप्रत आणि ती हातात आल्यावर ठरलेल्या दिवसांत पुनर्मूल्यांकन, असा क्रम आहे. मुदत थोडी असते, निकालाच्या आनंदात किंवा दुःखात ती निघून जाते. आठ मार्क मात्र असे सापडत नाहीत. त्या आशेवर पैसे घालू नकोस.

जीएनएमच्या जागा कुठे? सरकारी रुग्णालयांना जोडलेल्या शाळांत फी कमी असल्यामुळे झुंबड असते. सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या मुलीही तिथे अर्ज करतात, त्यामुळे ४६ वर तिथे यादीत वर येणं कठीण आहे. अर्ज मात्र करायचा. फॉर्म भरायचा कंटाळा केला म्हणून गेलेली जागा मी पाहिली आहे. उरलेला भरवसा खासगी शाळांवर. सांगली, मिरज, कराड या पट्ट्यात त्या बऱ्याच आहेत. मिरजेचं तर सगळं गावच दवाखान्यांवर उभं आहे, १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून.

सवलतींचं एक लक्षात ठेव. फीमाफी आणि शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळतात, पण त्यांना प्रवेश ठरलेल्या शासकीय प्रक्रियेतूनच झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यातून परस्पर घेतलेल्या सीटला त्या लागू होत नाहीत. "आत्ता पैसे भरा, शिष्यवृत्ती नंतर मिळवून देतो" असं ऑफिसातला कारकून म्हणाला की सरळ विचार : प्रवेश कोणत्या कोट्यात दाखवणार? उत्तर लेखी माग. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि जे लागू असेल ते तहसीलमधून आत्ताच काढून घे. जतच्या सेतूत जुलैमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

आता एजंट. हा माणूस मी ओळखत नाही आणि तरी ओळखते. सीमेलगतच्या सगळ्या तालुक्यांत तो असतो, मोटरसायकलवर, खिशात चार कॉलेजांची माहितीपत्रकं. कर्नाटकात चांगली नर्सिंग कॉलेजं नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. मिरजेच्या वॉर्डात माझ्याबरोबर बेळगाव-विजापूरकडून शिकून आलेल्या उत्तम सिस्टर होत्या. तुझं घर तर विजापूरलाच जवळ. गोष्ट कर्नाटकाची नाही, "हजेरीचं बघून घेऊ" या वाक्याची आहे.

हजेरी म्हणजे इथे वॉर्ड. लेक्चरला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिक तर शंभर टक्के पूर्ण केल्याशिवाय पदवी हातात पडत नाही, असा परिषदेचा नियम आहे. तो कागदावर वाकवता येतो, हे खरं. वाकवणारे आहेत. पण न केलेली ड्यूटी पुढे बाहेर येते. माझ्याकडे एकदा अशीच शिकलेली एक मुलगी नोकरीला आली. कागद सगळे पक्के. पहिल्याच आठवड्यात तिला नासोगॅस्ट्रिक ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालायला सांगितली. ट्यूबची लांबी नाक, कान आणि छातीच्या हाडाचं टोक अशी मोजून घ्यायची असते. ती मोजायची असते हेच तिला ठाऊक नव्हतं. पेशंट खोकून निळा पडायला लागला तशी आमच्या इन्चार्ज सिस्टरनं हातातून ट्यूब काढून घेतली. मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडली. वाईट नव्हती ती, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिच्या वडिलांनी त्या कागदासाठी शेत गहाण टाकलं होतं.

शिवाय बी.एस्सी.ला ग्रुपचे ४५ टक्के हा नियम देशभराचा आहे. सांगलीत १२७ ला मिळत नाही ती सीट सीमा ओलांडली म्हणून मिळते, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकतर नियम वाचला नाही, नाहीतर तुझ्या कागदात काहीतरी करायचं ठरवलंय. दोन्ही तुझ्या गळ्याशी येणार. आणि तिकडे शिकून इकडे नोकरी करायची तर आधी तिथल्या परिषदेची नोंदणी, मग तिची पडताळणी आणि ना-हरकत, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, एवढं फिरावं लागतं. कागद खरे असतील तर ते होतं. खोटे असतील तर इथेच उघडं पडतं. दीड लाख देऊ नका. पप्पांना माझं नाव सांगून सांग.

पप्पांचा एक वर्षाचा कोर्स. त्यांना दोष देऊ नकोस, बोर्डावर "नर्सिंग" लिहिलेलं असतं, मुली पांढऱ्या कपड्यात जाताना दिसतात, माणूस फसतो. पण नोंदणी देणारे अभ्यासक्रम मोजकेच : एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. एक वर्षाच्या, सहा महिन्यांच्या कोर्सचं नाव काहीही असो, केअर, असिस्टंट, डिप्लोमा, त्यानं परिषदेत नाव लागत नाही. नाव लागलं नाही की सरकारी जाहिरातीत "अधिपरिचारिका" या पदासाठी अर्जच करता येत नाही, आणि खासगीत मावशीच्या पगारात सिस्टरचं काम करून घेतात. मला मावशींच्या कामाबद्दल आदर आहे. वॉर्ड त्यांच्यावर चालतो. पण बारावी सायन्स करून, वर्षभर फी भरून ते काम करायचं असेल तर फी कशाला? त्या कामाला तुला आजच कुणीही ठेवून घेईल.

एएनएमबद्दल तू विचारलं नाहीस, तरी दोन वाक्यं. दोन वर्षांचा कोर्स, फक्त मुलींसाठी. उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून काम, लसीकरण, बाळंतपणं, गावोगाव फिरणं. पास होऊन नोंदणी झाली की पुढे जीएनएमलाही घेतात. ज्यांचं इंग्रजी ४० च्या खाली आहे अशा मुलींना मी हा रस्ता सुचवते. तुला गरज नाही.

शाळा निवडताना इमारत बघू नकोस. काचेची इमारत उभी करणं सोपं आहे, पेशंट उभे करणं अवघड. सोमवारी सकाळी नऊ-साडेनऊला जा, आधी शाळेत नाही, तिच्या रुग्णालयात. परिषदेच्या निकषानं किमान १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं. ओपीडीत रांग आहे का बघ. वॉर्डात किती खाटांवर माणूस आहे ते मोज. तपासणीच्या दिवशी गावातून माणसं आणून खाटांवर झोपवल्याच्या गोष्टी आम्ही ट्यूटर मंडळी एकमेकींना सांगत असू, म्हणून आगाऊ कळवून जायचं नाही. मग बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली असतात, त्यांना विचार : बाळंतपणाचं पोस्टिंग कुठे झालं, सायकियाट्रीला कुठे नेलं, पहिल्या वर्षी किती जणी पास झाल्या, दहा मुलींमागे एक शिक्षिका आहे का. त्या खरं सांगतात. ऑफिसात विचार ते फक्त मान्यतेचं : महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता आणि किती जागांची. पत्र दाखवत नसतील तर उठायचं. आणि मूळ गुणपत्रिका, दाखला देऊन ठेवायचे नाहीत. मूळ दाखवायचे, सत्यप्रती द्यायच्या. एका मुलीचे मूळ कागद कॉलेजात अडकल्यामुळे तिची सरकारी यादीतली जागा गेली. ते कॉलेज कोणतं ते इथे सांगत नाही, तुला सगळीकडेच सावध राहायचंय.

"जीएनएम बंद होणार आहे" असंही कानावर येईल. तशी घोषणा मागे झाली होती, म्हणून अफवा दर उन्हाळ्यात उठते. अभ्यासक्रम चालू आहे. आणि दिल्लीच्या एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसरची परीक्षाच बघ. तिला जीएनएम झालेली मुलगीही बसते, ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव असला की झालं. तिथे बारावीला किती होते हे कुणी विचारत नाही. टक्के पुन्हा विचारतात ते थेट एम.एस्सी.ला, ५५, आणि तेही पदवीचे.

आता ते इंग्रजीत लिहिण्याचं. तू सांगितलं नाहीस तरी मला वाटतं तुझं कारण हेच असावं. गुणपत्रिकेत मराठी ५८, भूगोल ५१. म्हणजे वाचतेस आणि समजतं. अडतं ते उतरवताना. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या चाचणीत मला ५० पैकी ११ मिळाले होते. मी गाईडमधली उत्तरं पाठ केली होती, लांबच लांब वाक्यांची, एक शब्द विसरला की पुढचं सगळं गेलं. आमच्या ट्यूटर मल्याळी होत्या, त्यांचं मराठी तोडकं आणि माझं इंग्रजी. त्यांनी सांगितलं, पाठ करू नको, चित्र काढ. रोज रात्री वहीच्या एका पानावर हृदय काढायचं, रक्त कुठून आलं कुठे गेलं ते बाणांनी दाखवायचं आणि बाणाशेजारी चार शब्दांचं इंग्रजी वाक्य. राइट एट्रियम रिसिव्ह्ज ब्लड. बस. महिन्यानं लक्षात आलं की बाण ओळीनं वाचले की उत्तर तयार होतं. पुढे बावीस वर्षं मी हेच शिकवलं आणि ज्यांनी वही खरोखर भरली त्या पास झाल्या.

तुझ्याकडे प्रवेशापर्यंत दोन-तीन महिने आहेत. बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक टाकून देऊ नकोस. वनस्पतींचा भाग सोड. श्वसन-रक्ताभिसरण, चेतासंस्था, आरोग्य आणि आजार एवढं घे आणि अशी वही घाल. जीएनएमच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, नर्सिंग फाउंडेशन्स, फर्स्ट एड, कम्युनिटी हेल्थ, न्यूट्रिशन असं बरंच एकदम येतं. ॲनाटॉमीची भीती आधीच गेलेली असेल तर बाकीचं गोष्टीसारखं वाचता येतं.

दोन गणितंही देते. ऑर्डर आहे २५० मिलिग्रॅमची, बाटलीवर लिहिलंय ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर भरशील? दुसरं, ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत जायला हवं, सेट २० थेंबांना एक मिलिलिटरचा. मिनिटाला किती थेंब? पहिलं अडीच. दुसऱ्यात ५०० ला २० नं गुण, २४० मिनिटांनी भाग, ४१.६७ येतात, म्हणजे ४२ थेंब. अशी रोज दोन. चौथी-पाचवीचं त्रैराशिक आहे हे, पण रात्री तीन वाजता, तिसऱ्या पेशंटनं हाक मारलेली असताना करावं लागतं, म्हणून ते बोटांत बसलेलं पाहिजे.

आणि ज्याची तुला कदाचित लाज वाटत असेल ते तुझं कानडी. ते लपवू नकोस. मिरजेला रेल्वेनं कर्नाटकातून पेशंट येतात, म्हातारी माणसं, मराठीचा गंध नसलेली. "नोवु एल्ली?" एवढं विचारणारी सिस्टर वॉर्डात असली की निम्मी केस-हिस्टरी तिथेच मिळते. आमच्याकडे डॉक्टर राउंडला निघताना जतच्या मुलींना सोबत बोलावून घ्यायचे, मग त्या पहिल्या वर्षाच्या का असेनात. मुलाखतीत भाषा विचारल्या तर कानडी आधी सांग.

प्रवेशाआधी वैद्यकीय तपासणी असते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असायचं. आत्ताच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घे, कमी असेल तर गोळ्या फुकट मिळतात. हिपॅटायटिस बी ची लसही सुरू कर, तिचे डोस सहा महिन्यांत पुरे होतात.

पप्पांना शेवटी रात्रपाळीची काळजी वाटणार. ती प्रत्येक बापाला वाटते आणि तोंडावर कुणी बोलत नाही. त्यांना घेऊनच हॉस्टेल बघायला जा, आणि वॉर्डनला त्यांच्यासमोर विचार : रात्रीच्या ड्यूटीला मुली हॉस्टेलातून वॉर्डात कशा जातात, सोबत कोण असतं, गेटवर नोंद होते का. जतवरून सकाळची एस.टी. धरलीत तर दुपारपर्यंत दोन शाळा बघून होतील. तिथून निघताना मान्यतेच्या पत्राचा फोटो काढायला विसरू नकोस. मला पाठव, मी वाचून सांगते.